टंच

दुपारी दोनला, शटर अर्धं ओढून
मी डबा उघडला होता.
तेवढ्यात ती वाकून आत आली,
पोटऱ्यांपर्यंत मुंढव्याची चिकण माती.
पदराची गाठ दातांनी सोडली
आणि काउंटरच्या काचेवर ठेवलं.
"खरं हाय का बगा."

मी आधी आवाज ऐकतो.
पितळ बडबडतं. हे ठप्प बसलं,
सोयरिकीत थोरला माणूस बसतो तसं.

आठ मासे, गुंजभर कमी.
काटा ग्रॅम दाखवत होता, मी वडलांच्या हिशेबात बोललो.
मशीन चाळीस सेकंद घेतं. तेवढ्यात
तिने नाव सांगितलं, दुर्गव्वा,
पाइपलाइनच्या चरावर रोजाने.
मुकादमाचं नाव गिळलं.

नव्व्याण्णव पॉइंट एक.
तीस वर्षं रविवार पेठेत टंच काढतोय,
इतकं खरं कुणी या काचेवर बोललं नव्हतं.

मग डोळ्याला भिंग लावलं.
सरळ नाक, जाड मान, केसांत पानांची माळ,
कडेने अक्षरं, एकही ओळखीचं नाही.
कपाळावर जवळजवळ दोन भोकं
आणि कानापासून हनुवटीपर्यंत
एक चीर.

"ह्याला कुनी मारलं?"

मारलं नाही बाई, तपासलं.
भोकं दोऱ्याची, कुणाच्या तरी गळ्यात होता.
चीर छिन्नीची. वर मुलामा, आत तांबं
असलं तर दिसावं म्हणून.
असेल राजा त्याच्या समुद्रापलीकडे.
बैलाच्या पाठीवर घाट चढून आला
तेव्हा कापूस विकणाऱ्याने
आधी त्याला आमच्याकडेच धाडलं.

आमच्याकडे म्हणजे
तेव्हा ना पेठ, ना सोन्या मारुती,
तेजाबाचा वास तरी होता की नाही कोण जाणे.
पण तो हात मी ओळखतो.
डावखुरा. चीर उलटी उतरलीय.
आणि थोडा भ्यालेला,
सुरुवातीला छिन्नी घसरलीय,
मग राजाच्या गालावर पक्की बसलीय.

"किती येतील?"

मागे मूस लाल होती.
बिस्वजित जेवायला गेलेला.
चार मिनिटांत तो चेहरा पातळ झाला असता
आणि पाचव्या मिनिटाला कुणाचाच नसता.
मी तिला भाव सांगितला.
मग कायदाही सांगितला.
दोन्ही एकाच आवाजात सांगता येत नाहीत.

तिने पुन्हा गाठ मारली.
"मडकं हाय," एवढंच म्हणाली, दारातून.

शनिवारी वाट्यावरून पोकलेनवाल्याने
मुकादमाचं डोकं फोडलं आणि बोंब झाली.
मला पंच म्हणून नेलं.
चराकाठी सतरंजी, तलाठी, दोन हवालदार,
फुटकं मडकं एका बाजूला, वांग्याएवढं.
"पिवळ्या धातूची गोल नाणी," जमादार लिहीत होता,
मला विचारून विचारून. नग बासष्ट.

एकेक उचलून पाहिलं.
एकवीस गाल चिरलेले, वेगवेगळ्या हातांनी.
भोकाचं एकही नाही.

ती पलीकडे उभी, डोक्यावर पाटी,
गळ्यातली काळी पोत पदराआड गेलेली.
"एवढीच ना?" साहेबांनी विचारलं.
कुणाला, ते कळलं नाही.

ऊन डोळ्यावर येत होतं.
मी चष्मा काढून खिशात ठेवला
आणि बासष्टच्या खाली सही केली,
डाव्या हाताने.