मांडी घातलेली खूण

साकोलीच्या पुढं, तलावाच्या पारीखाली
पाणीवाटप संस्थेची खोली. एक कूलर, एक कॉम्प्युटर,
आणि त्यात डोमाजी कापगत्यांनी सत्त्याऐंशी साली
फोरट्रानमध्ये लिहिलेला हिशोब:
कोणतं तुडूम किती उघडायचं, कोणत्या बांधीला किती.
अजून चुकत नाही.
बाकीचं मी सीमध्ये लिहिलं. ते चुकतं.

आधी तर हाकच पोचेना.
लिंकर म्हणाला, या नावाचं इथं कोणी नाही.
होतं. फक्त नावाच्या शेवटी एक आडवी रेघ होती,
जुन्या माणसांच्या सहीला असते तशी शेपटी.
रेघ ओढली. तेव्हा वळून पाहिलं त्यानं.

मी दिलं: चाळीस. तलावात चाळीस टक्के पाणी.
तो चाळीस नंबरचं घर शोधत निघाला.
तिथं घर नव्हतंच.
सगळं जागीच कोसळलं,
कूलर तेवढा घरघरत राहिला.

डोमाजी सायकलवरून आले, शर्टाच्या टोकाला चष्मा पुसला.
"बाई, तू याले आकडा देऊन रायली.
हा आकडा नाही घेत, पत्ता घेते.
तू सातबाऱ्याची झेरॉक्स देते,
हा म्हनते, वावर दाखव."

आकड्याआधी मग ती खूण घातली,
मांडी घालून बसलेल्या माणसासारखी दिसते ती.
आता तो थेट माझ्या घरात आला,
उन्हानं प्यायलेलं वजा केलं,
चाळीसचे अडतीस करून निघून गेला.
विचारलंसुद्धा नाही.
"विचाराचं कायले? पत्ता तूच देला ना."

तक्ता राहिला होता, गावं आणि तुडुमांचा.
मी आडवी भरत गेले, रोवणीतल्या बायांसारखी, ओळीनं.
तो उभा वाचतो, वरून खाली.
खैरीचं पाणी कागदावर परसोडीला गेलं,
आणि अनुसयाबाई हातझाडे दारात:
"आमच्या बोडीनं का पाप केलं व?"
तक्ता उलटा करून दिला. जुळला.

एवढं झाल्यावर मी म्हटलं,
काका, मी शून्यापासून मोजते, तुम्ही एकापासून.
"शून्य नंबरचं तुडूम दाखव मले," म्हणाले,
आणि पारीवर घेऊन गेले.
पाण्यावर पाणकावळे. त्यांनी बोट केलं:
हे एक. हे दोन.
हे बुजलं, मायच्या वक्तालेच. हे तीन.

त्यांच्या तक्त्यात तिसऱ्या जागी
सत्त्याऐंशीपासून शून्यच वाहतंय.
मी ते काढून टाकणार होते.