शेवटची दहा मिनिटं

टिळकवाडीत, बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासच्या माडीवर
डेनिस मास्तरांनी पांढरी चादर ताणली होती.
चादरीला मधोमध इस्त्रीची घडी,
म्हणून सिनेमातली बाई सारखी नाकापासून दुभंगायची.

मी साठीचा. असला सिनेमा पहिल्यांदाच.
रंग नाहीत, नाच नाही, मारामारीसुद्धा नाही,
नुसती एक बाई, एक जिना,
आणि दाराखालून येणारी पत्रं.
इंग्रजी मला येत नाही.
शेजारी गुरुसिद्ध हलक्या आवाजात कानडीत सांगत होता
आणि मी मराठीत भीत होतो.

पत्रं कोण टाकतंय?
मला वाटलं घरमालक,
त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडं कॅमेरा फार वेळ बघत होता.
मग वाटलं लंगडा भाऊ.
गुरुसिद्धचा संशय दूधवाल्यावर.
"कमी बोलतोय बघ," म्हणाला,
जसा काही आमच्या गल्लीतला दूधवाला भाषणं करतो.

काळं-पांढरं मला नवं नाही.
वडगावात एकतीस वर्षं जाकार्डचे पुठ्ठे पाडले मी.
चौकटीच्या कागदावर काळा चौकोन आला की भोक,
पांढरा आला की पुढं.
मोर असाच होतो, कोयरी अशीच होते.
पण सावली?
सावलीला किती भोकं पाडायची हे कुणी शिकवलं नव्हतं.
त्या बाईच्या गालावरून दिव्याचा उजेड असा सरकला
की मी खिशातल्या खिशात बोटांनी मोजत राहिलो.

मग तिनं उंबऱ्याशी पीठ पसरलं.
आत, बाहेर, पार जिन्यापर्यंत.
मागं कुणाचं तरी भडंग खाणं थांबलं.
सकाळ. ती वाकून बघते.
पावलं होती.
आतून दारापर्यंत गेलेली, दारापासून आत आलेली.
अनवाणी.

आणि लाईट गेली.

अंधारात गुरुसिद्ध एवढंच म्हणाला, "अकीनऽ..."
तिनंच.
डेनिस मास्तर मेणबत्ती शोधत होते, माफी मागत होते,
शेवटची दहा मिनिटं पुढच्या रविवारी, म्हणाले.

दुसऱ्या गेटावर मालगाडी.
शहापुरात दुकानांच्या पाट्या,
एकच नाव दोन लिप्यांत, वरचं मोठं, खालचं बारीक.
जन्मभर बघतोय.
आज वाटलं, ही दोन वेगळी दुकानं असली तर?

घरी शालन भांडी विसळत होती.
"मी झोपेत चालतो काय गं?"
हसण्यावारी नेईल म्हणून विचारलं.
"व्हय की," म्हणाली, मान वर न करता.
"माग विकल्यापासनं.
तीनच्या सुमाराला उठता, पेटी उघडता,
पुठ्ठ्यांना भोकं पाडूलालासा."
"मग सांगितलं नाहीस?"
"काय सांगायचं?
ओळखीचा आवाज.
मला झोप लागती त्या आवाजानं."

कॉटखालून तिनं गठ्ठा ओढला,
सुतळीनं बांधलेला, तीन वर्षांचा, क्रमानं लावलेला.
भोकं माझ्याच हाताची, उजवीकडं जराशी कललेली.
डिझाईन कुठलं, ते ओळखेना.
एक पुठ्ठा बल्बसमोर धरला.
भिंतीवर उजेडाचे ठिपके, हात थरथरला की तेही.
"फूल आहे काय?" शालननं विचारलं.
एका पुठ्ठ्यावरनं कळत नाही, मी म्हणालो.
शिवाय आम्ही पदर उलट्या अंगानं विणतो,
सुलटं अंग मागावरनं उतरल्यावरच दिसतं.
आणि माग आता आहे कुणाकडं?

रविवारी डेनिस मास्तरांचा फोन वाजत राहिला.
संध्याकाळी गुरुसिद्ध आला,
सगळं बघून आलेल्या माणसाचं तोंड घेऊन
दारात उभा.
"सांगू नको," म्हणालो.
"चप्पल काढ, आत ये.
ह्या माळेचं हे टोक धर."