डावीकडचा

नोव्हेंबरच्या अखेरीस ट्रोम्सोतून सूर्य गेला
आणि त्याच आठवड्यात गुडवैग दुकानात आली,
टोपीवरचा बर्फ पायपुसण्यावर झाडत.
"पांढरा नको," म्हणाली.
"सप्टेंबरपासून पांढरंच बघतेय ती."
ती म्हणजे बहीण, बोर्गहिल्ड, दवाखान्यात.
घरी येणार होती कधीतरी.
पलंगासमोर एकच भिंत.

कॅटलॉगातून तिने दोन पट्ट्या काढल्या:
लापशी, आणि ओली वाळू.
सतरा वर्षं मी हे रंग कालवायचं यंत्र चालवतोय,
मला माहीत आहे, दोघांत फरक गेरूच्या दोन थेंबांचा
आणि काळ्याचा एक, तोही जेमतेम.

दर मंगळवारी यायची, नमुन्याच्या डब्या न्यायची.
लापशी म्हणे दिव्याखाली पिवळी पडते.
वाळू मेणबत्तीपाशी बरी,
पण फ्रिजचं दार उघडलं की आजारी दिसते.
"आजारी" म्हणाली आणि हातमोजे शोधू लागली,
जे हातातच होते.

डिसेंबरात मी वैतागलो.
दोन्ही डब्यांत एकच रंग भरला, नेमका मधला,
झाकणांवर नावं मात्र वेगळी.
म्हटलं, या अंधारात कोण बघतंय.
दुसऱ्याच दिवशी, मंगळवार नसताना,
दोन्ही डब्या काउंटरवर परत.
"हा तिसराच कुणीतरी आहे."
एवढंच. रागावली नाही.
ते जास्त लागलं.

जानेवारीत डोंगराच्या खांद्यावरून
सूर्याने चार मिनिटं डोकावून पाहिलं.
पोरं शाळेबाहेर पळाली,
बेकरीसमोर गोड पावांसाठी रांग लागली,
आणि गुडवैग आली धापा टाकत:
"दहा लिटर. ठरलं. डावीकडचा."

पट्ट्या आमच्यामध्ये काउंटरवर पडलेल्या.
तिचं डावं ते माझं उजवं.
की भिंतीवरचं डावं म्हणत होती?
की पलंगावरून दिसतं ते,
उशीवर डोकं जरा कललेलं असताना?
विचारणं सोपं होतं.
पण मी काउंटरची फळी उचलली,
सतरा वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या बाजूला गेलो,
तिच्या शेजारी उभा राहिलो
आणि तिथून पाहिलं.

तिच्या कोटाला माशाच्या सुपाचा वास होता,
दुपारीच केलेल्या.
एकटीसाठी कुणी एवढं सूप करत नाही.