रहिवासाचा पुरावा

घोडेगावच्या कार्यालयात बाई म्हणाल्या,
पन्नास सालाआधीचा कागद आण.
मी म्हटलं, गाव पाण्याखाली आहे.
मग पाण्याच्या तलाठ्याकडून आण, म्हणाल्या.
ही थट्टा होती का,
ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या वाडीला अकरा घरं.
मागं डोंगर, पुढं धरण.
डांबरी रस्ता येतो तो पल्याडच्या काठापर्यंत
आणि तिथंच बसून राहतो, रवंथ करत.
लाँच मंगळवारी आणि शुक्रवारी.
बाळंतपण मधल्या वारी आलं
तर ठकूआत्याचा थर्माकोलचा तराफा,
वरून ताडपत्री शिवलेला.

हिरडा फोडून फोडून आत्याची बोटं काळी.
वल्हं मधेच थांबवते, म्हणते,
ही लोहकऱ्यांची पडवी.
इथं तुझा आजा नांगर टेकवायचा.
मी वाकून बघते. नुसतं हिरवं.
एक चिलापी शेपटी हलवून जाते
कुणाच्या तरी माजघरातून.

पुण्यात वसतिगृहाचा नळ सोडला
की मी उगाच ओंजळीचा वास घेते.
हे आपलं पाणी नाही,
आपलं शिरूरकडं उसाला जातं, माहीत आहे.
तरी.

यंदा मे महिन्यात पाणी पार तळाला गेलं.
आत्या गुडघाभर चिखलात उतरली
आणि दुपारपर्यंत पहारीनं
आमच्या घरचं उखळ उपटून काढलं.
तराफा अर्धा बुडाला. जीपवाल्यानं नको म्हटलं.
एसटीच्या कंडक्टरनं
उखळाचं अर्धं तिकीट फाडलं.

टेबलापुढं फरशीवर ते ठेवलं तेव्हा
बुडाशी गाळ ओला होता.
यावर तारीख कुठंय? बाईंनी विचारलं.
आत्या म्हणाली, हात घाल.
बाईंनी इकडंतिकडं पाहिलं,
बांगड्या मागं सारल्या, हात घातला.
मनगट गेलं. कोपराच्या जवळ आला तरी
तळ लागला नव्हता.
एवढं खोल व्हायला किती वरई कांडावी लागते
असं काही त्या बोलल्या नाहीत.
हात पुसला. रजिस्टरात लिहिलं:
वस्तू एक, दगडी. अर्ज प्रलंबित.

उखळ अजून तिथंच आहे,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून लावलेलं.
परत न्यायला आत्या दोनदा गेली.
ते म्हणतात, तुमचंच आहे
याचा काही कागद?