पैसा आला कुठून

उद्यमनगरात, फौंड्रीच्या माडीवर
भूपाल मगदूम फायली मांडतात.
खाली ओतकाम चालू; टेबलावरचा चहा
सारखा थरथरतो.

ओहायोत कारखाना घालायचाय त्यांना.
अर्जातला एकच रकाना अडलाय:
पैसा आला कुठून?

पहिला लेथ सत्त्याऐंशी साली,
बायकोच्या पाटल्या मोडून.
सोनाराची पावती?
"वकीलबाई, पाटल्या मोडल्याची पावती
कोण जपतंय व्हय?"

मी लिहून घेते: भिशी,
गुळाच्या अडत्याकडची उसनवार,
सासऱ्यानं विकलेली दुभती म्हैस.
म्हशीला इंग्रजी लगेच मिळतं.
भिशीला नाही.

मीही उभी होते काचेच्या अलीकडे,
कसबा बावड्याची पोर, दोनदा नकार खाऊन.
तिसऱ्यांदा अधिकाऱ्यानं विचारलं,
परत जाणार ना?
हो म्हणाले.
एकोणीस वर्षं झाली. ते 'हो'
अजून माझ्या फायलीत आहे, शिक्क्यासकट.
वर्षातून आठ दिवस येते,
दुसऱ्यांचे जायचे कागद घेऊन.

मगदूमकाकू जिना चढून येतात.
रकान्याचं कानावर गेलेलं असतं.
पदराला हात पुसतात, काचेच्या बांगड्या
कोपराकडे सारतात.
"हितं हुत्या," म्हणतात.
"ह्याचा फोटू चालंल?"