नऊशे मीटर

सोनपेठच्या माझ्या नेट कॅफेत
मुद्रिका वाव्हळे तिसऱ्यांदा आलीय,
लेकराचा फॉर्म घेऊन.

मागल्या साली इंग्रजी शाळा
तिच्या दारापासून नऊशे मीटरवर होती.
चालत होती.
मग तिकडं मुंबईत
इकडच्या बाकांवरचे तिकडं बसले,
आवाजी मतदान, दोन मिनिटं,
आणि यादीतून शाळाच गेली:
झेडपीची जवळ आहे ना, मग तिथंच.

"दादा, घर तर हाललं नाही नं आमचं?"

मी नकाशावरची लाल टाचणी
माऊसनं ओढून बघतो.
लॉक आहे.
पुढच्या निवडणुकीपर्यंत, मी म्हणतो.
ती हसत नाही.

पोरगी खुर्चीवर उभी राहून
स्क्रीनवर आपले पत्रे शोधतेय.
"सापडलं!"
म्हणते,
आणि बोटाखाली झाकून टाकते.