डावे आटे

शनिवारी सातपूरची वीज दुरुस्तीला जाते,
म्हणून प्रोजेक्टर मुका, बारावी ब समोर,
आणि डब्यात तीन खडू : पांढरा, पिवळा
आणि एक गुलाबी, नखाएवढा.

डीएनएची अक्षरं चार. रंग तीन.
म्हटलं, रंग राहू द्या, आकार काढा.
अ‍ॅडेनिन, ग्वानिन : दोन कड्यांचे, ऐसपैस.
थायमिन, सायटोसिन : एका कडीचे, अंग चोरून बसणारे.
शिडी काढा. पायऱ्या हव्या तशा लावा.
नियम मी मुद्दाम गिळून टाकला.

आफरीननं ग्वानिनसमोर अ‍ॅडेनिन बसवलं
आणि शिडीचं पोट फुगलं.
"मॅडम, हिला अपचन झालंय."
मागे कुणी दोन थायमिन समोरासमोर ठेवले,
ते एकमेकांना पोचेनात.
रबरानं कागद झिजले, भुगा फुंकला गेला,
आणि वीसेक मिनिटांनी
अश्लेषा बेंडकोळी वहीतून मान वर न काढता म्हणाली,
"मोठ्यासमोर लहानच लागतं.
तरच दोन्ही कडा सरळ जातात."

"मग ग्वानिनला थायमिन का नको? रुंदी तर जमते."
मी हातांच्या तुटक रेघा दिल्या :
याला तीन, त्याला दोन.
जोडून बघा.
एक हात हवेतच राहिला.
तो हात बघून वर्ग जरा शांत झाला.

बाण काढताना उड्डाणपूल आठवला मुलांना :
एक धागा आडगावकडे निघालेला,
दुसरा पाथर्डी फाट्याकडे,
शेजारून, पण उलटे.

आता पीळ.
हे माझं आवडतं काम. अकरा वर्षांचा हात,
खडू न उचलता, एका श्वासात, खालून वर,
फळ्याच्या कडेपर्यंत.
मुली 'वा' म्हणतात इथे. म्हणाल्याही.

"मॅडम, हे डावे आटे आहेत."
प्रज्योत गांगुर्डे. शेवटचा बाक.
संध्याकाळी वडिलांबरोबर लेथवर उभा राहतो,
नखांत काळं असतं.
खिशातून बोल्ट काढला, पुढे येऊन फळ्याला लावला.
बोल्टचे आटे उजवीकडे चढत होते,
माझी शिडी डावीकडे.
मी म्हटलं, उलटा धर बघू.
त्यानं उलटा धरला. आटे तसेच.
"उलटा धरून फरक पडत नसतो, मॅडम," तो म्हणाला,
समजूत घातल्यासारखा.

पुस्तक उघडलं. शिडी उजवीच होती.
दर वर्षी त्याच पानावर होती.

अकरा बॅचेस.
त्यातली एक सिव्हिलला रक्त तपासते,
एक दिंडोरी रोडला औषधांच्या दुकानात आहे,
एकानं लग्नपत्रिकेसोबत चिठ्ठी पाठवली होती :
तुमची शिडी अजून काढता येते.
सगळ्यांच्या वह्यांत डावा पीळ, माझ्या सहीनिशी.
आणि वही धरणाऱ्या त्या बोटांच्या आत,
प्रत्येक पेशीत,
ती उजवीच वळत राहिली,
मला न विचारता.

जुनी पुसली नाही. शेजारी नवी काढली,
हळू, अडखळत, दोनदा थांबून.
'वा' कुणी म्हटलं नाही.
तास संपला.
प्रज्योत बोल्ट टेबलावरच विसरला,
हजेरीपटावर तेलाचा गोल डाग,
त्याच्या नावासमोर नाही,
भलत्याच कुणाच्या, गैरहजर असलेल्याच्या.